ईरी सरोवराकाठचा ‘बिगेस्ट वीक’: एका पक्षिमहोत्सवाचे परीक्षण

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, ईरी सरोवराच्या काठी, मे महिन्यात ‘द बिगेस्ट वीक इन अमेरिकन बर्डिंग’ या नावाचा पक्षिमहोत्सव भरतो. नावात आठवडा असला तरी महोत्सव दहा दिवस चालतो. १९९२ पासून या भागात पक्ष्यांच्या अभ्यासाचे काम करणाऱ्या ‘ब्लॅक स्वॅम्प बर्ड ऑब्झर्व्हेटरी’ या संस्थेने तो २०१० मध्ये सुरू केला. डेट्रॉईटच्या उपनगरात, म्हणजे तेथून जेमतेम दीड तासाच्या अंतरावर राहत असूनही मला तेथे जायला बरीच वर्षे लागली. अखेर गेल्या मे महिन्यात आई भारतातून आलेली असताना आम्ही दोघी तीन रात्री राहून आलो. एकच गोष्ट सांगायची झाली तर ती अशी, की या महोत्सवातील सर्वांत मौल्यवान भाग पूर्णपणे मोफत आहे आणि तो पदरात पडतो की नाही हे तिकिटावर नव्हे, वाऱ्यावर ठरते. त्यामुळे पैशांपेक्षा दिवस हाताशी राखून तेथे जावे.

हा मोफत भाग म्हणजे मॅगी मार्श येथील लाकडी फळ्यांची वाट, जिला सगळे नुसते ‘बोर्डवॉक’ म्हणतात. सरोवराच्या काठाला लागून सुमारे सात एकरांची झाडी आहे आणि तिच्यातून वळणे घेत ही साधारण एक किलोमीटरची वाट जाते. एका बाजूला दलदल, दुसऱ्या बाजूला अथांग पाणी आणि मध्ये एवढीच झाडी. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत हिवाळा काढून कॅनडाच्या अरण्यांकडे निघालेले लहान पक्षी रात्रभर उडत येतात आणि पहाटे समोर सरोवर दिसले की या तुकड्यात उतरतात. पलीकडचा किनारा चाळीस-पन्नास किलोमीटरांवर आहे. ताज्या दमाच्या पक्ष्याला हे अंतर फार नाही, परंतु रात्रभर उडून थकलेल्या, जेमतेम दहा ग्रॅम वजनाच्या पक्ष्याला ते ओलांडण्यापूर्वी खाऊन-पिऊन विसावा घ्यावा लागतो. सरोवर ओलांडण्यापूर्वीचा हा शेवटचा थांबा असल्यामुळेच येथे एवढी दाटी होते.

दाटी होण्याचे दुसरे कारण माणसांनीच घडवलेले आहे. या भागात एके काळी ‘ग्रेट ब्लॅक स्वॅम्प’ नावाची, दीडशे किलोमीटरांहून अधिक लांबीची दलदल होती. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून आणि जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ पुरून ती कोरडी केली गेली आणि तेथे शेती उभी राहिली. आज गाडीतून जाताना मका आणि सोयाबीनची सपाट शेते संपतच नाहीत. दलदलीचे जे थोडे तुकडे उरले, ते बऱ्याच अंशी बदकांच्या शिकारीसाठी श्रीमंतांच्या मंडळांनी राखले म्हणून उरले. मॅगी मार्शही अशाच खासगी मालकीत होते आणि १९५१ मध्ये ओहायो राज्याने ते विकत घेतले. संस्थेच्या नावातील ‘ब्लॅक स्वॅम्प’ म्हणजे हीच हरवलेली दलदल. माझ्या आईचे माहेर इंदापूर तालुक्यातील आहे आणि तिच्या वडिलांची शेती उजनीच्या पाण्याखाली गेली. ही सगळी हकीकत मी तिला गाडीत सांगत होते. ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली आणि मग म्हणाली, “आमच्याकडे शेताचं पाणी झालं, इथे पाण्याचं शेत झालं.”

पहिल्या दिवशी आमची निराशा झाली आणि ती लपवण्याचे कारण नाही. ईशान्येकडून बोचरा वारा वाहत होता, पारा सहा अंशांवर होता आणि पक्षी आदल्या रात्री दक्षिणेतच थांबले होते. चार तासांत आम्हाला वटवट्यांच्या सात जाती दिसल्या, त्याही उंच फांद्यांवर आणि पाठमोऱ्या. येथे एक खुलासा करायला हवा. ज्यांना इंग्रजीत वॉर्बलर म्हणतात, त्यांना मी मराठीत वटवट्याच म्हणते. परंतु आपल्याकडचे मातकट, एकसारखे दिसणारे वटवट्ये आणि हे अमेरिकन वटवट्ये यांचे कूळ वेगळे आहे. वसंतातले हे नर पिवळ्या, केशरी, निळ्या, काळ्या रंगांत असे रंगलेले असतात, की आपल्या शिंजिरांची आठवण व्हावी. मॅगी मार्शच्या परिसरात त्यांच्या ३५ हून अधिक जाती नोंदल्या जातात आणि जगभरातून माणसे येतात ती मुख्यतः यांच्यासाठी.

त्या संध्याकाळी निवासी इमारतीच्या दिवाणखान्यात अनोळखी माणसे एकमेकांना एकच प्रश्न विचारत होती, वारा कधी फिरणार? कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘बर्डकास्ट’ या संकेतस्थळावर हवामानाच्या रडारवरून आज रात्री किती पक्षी उडतील याचा अंदाज दिला जातो आणि सगळ्यांच्या फोनवर तेच उघडलेले होते. रात्री दहानंतर वारा नैर्ऋत्येकडे वळला, पहाटे चारच्या सुमारास पावसाची एक सर आली आणि आम्ही साडेसहाला फळ्यांवर पाऊल ठेवले तेव्हा झाडी हलत होती. वारा पडलेला होता. हलत होते ते पक्षी.

त्या सकाळचा एकच प्रसंग सविस्तर सांगते. वाटेवर ठिकठिकाणी क्रमांक लावलेले आहेत, त्यामुळे “सातपाशी काय आहे?” अशा भाषेत लोक एकमेकांना पक्षी सांगतात. अशाच एका वळणावर, माझ्या गुडघ्याच्या उंचीवरील कठड्याच्या आडव्या लाकडावर, ब्लॅकबर्नियन जातीचा एक नर उतरला. मी दुर्बीण डोळ्यांना लावली तर चित्र फुटले, कारण तो दुर्बिणीच्या मर्यादेपेक्षाही जवळ होता. दुर्बीण खाली घेतली आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिले. गळ्यापासून छातीपर्यंत निखाऱ्यासारखा केशरी, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी, पंखावर पांढरा डाग आणि ओल्या लाकडावर टेकलेली तारेसारखी बारीक नखे. कठड्यावर रात्रीच्या पावसाने चिकटलेली चिलटे होती आणि तो ती एकेक करून, जोंधळे टिपावेत तशी टिपत पुढे सरकत होता. एका चिलटाचा पंख त्याच्या चोचीच्या कडेला चिकटून राहिला, तो त्याने लाकडावर चोच घासून पुसला आणि माझ्या बुटापासून दोन वितींवरून निघून गेला. अँडीज पर्वताच्या उतारांवर हिवाळा घालवून आलेला हा पक्षी माणसाची दखलही न घेता न्याहारी करत होता. आई माझ्या शेजारी बाकावर बसलेली होती. तिने माझा हात घट्ट धरला होता आणि तो पक्षी जाईपर्यंत सोडला नाही.

ही चिलटे म्हणजे या जागेची खरी शिदोरी आहे. पाच महासरोवरांत ईरी सर्वांत उथळ असल्यामुळे वसंतात ते लवकर तापते आणि त्याच्या तळातून लाखो चिलटे बाहेर पडतात. ती चावत नाहीत, मात्र बोलताना तोंडात जातात आणि गाडीच्या काचेवर थर धरतात. त्यांच्याबद्दल तक्रार करणारा एकही अनुभवी पक्षिनिरीक्षक मला भेटला नाही, कारण ती नसती तर पक्षी एवढे खाली आलेच नसते.

आता महोत्सवाच्या व्यवस्थेविषयी. मुख्यालय मॉमी बे स्टेट पार्कमधील सरोवराकाठच्या लॉजमध्ये असते आणि तेथून मॅगी मार्श गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. नोंदणी शुल्क भरल्यावर व्याख्यानांना बसता येते. सहली, कार्यशाळा आणि मार्गदर्शकासोबतच्या फेऱ्या यांचे पैसे वेगळे पडतात आणि त्यांतील चांगल्या जागा नोंदणी सुरू झाल्यावर लवकरच भरतात. आम्ही अर्ध्या दिवसाची एक मार्गदर्शित फेरी आणि आवाजावरून पक्षी ओळखण्याची एक कार्यशाळा घेतली. दुसरीचा उपयोग मला वाटले होते त्याहून कितीतरी अधिक झाला. पाने फुटलेल्या झाडीत दिसण्याआधी पक्षी ऐकू येतो आणि चार-पाच आवाज कानात बसले, की गर्दीतही आपली नजर आपोआप योग्य फांदीवर जाते. चेस्टनट-साइडेड वटवट्याच्या गाण्यासाठी इंग्रजीत एक ठरलेले वाक्य शिकवतात. आईला ते लक्षात राहीना, तेव्हा तिने “ये, ये, ये, येतेस ना” असे स्वतःचे बसवले आणि पुढचे दोन दिवस तो पक्षी तिनेच मला आधी ऐकवला.

मार्गदर्शित फेरी मात्र बोर्डवॉकवर घेऊ नये, असे माझे मत आहे. मार्गदर्शक वाईट असतात म्हणून नव्हे. आमच्यासोबतच्या बाई अतिशय जाणकार आणि संयमी होत्या. पण बोर्डवॉकवर तशीही पावलापावलावर जाणकार माणसे असतात आणि महोत्सवाचे स्वयंसेवक गळ्यात ओळखपत्र घालून कोणालाही, नोंदणी केलेली नसली तरी, पक्षी दाखवत असतात. पैसे खर्च करायचे तर ते दूरच्या सहलींवर करावेत. जवळच्या टोलेडो शहराच्या पश्चिमेला ओक ओपनिंग्ज नावाचा वाळूच्या जमिनीचा प्रदेश आहे. मे महिन्यात तेथे निळ्या ल्युपिन फुलांचे पट्टे असतात आणि लाल डोक्याचा सुतार उघड्या ओकवनात फिरताना दिसतो. दलदलीपेक्षा तेथील जीवसृष्टी पूर्ण वेगळी आहे आणि नवख्या माणसाला एकट्याने ती उलगडत नाही. मॅगी मार्शला लागूनच १९६१ मध्ये स्थापन झालेले ऑटावा राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे. तेथे बांधांवरून गाडी हळूहळू नेत बगळे, बदके आणि पांढऱ्या डोक्याचे गरुड पाहता येतात. दुपारी बोर्डवॉक शांत झाला, की पाय दुखणाऱ्या माणसाला हा फेरा उत्तम.

पायांचा विषय निघालाच आहे तर सांगते. आईचे वय ७२, दोन वर्षांपूर्वी तिच्या एका गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. ती कशी फिरेल याची मला काळजी होती. बोर्डवॉक सपाट आहे, चाकाची खुर्ची सहज जाते आणि मध्ये बाक आहेत. पहिल्या तासाभरात माझ्या लक्षात आले, की येथे चालणे महत्त्वाचे नाहीच. जे एका जागी बसून राहिले, त्यांच्यापुढे पक्षी येऊन गेले. आई एका बाकावर दोन तास बसली आणि प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याने तिला काही ना काही दाखवले. एका उंच गृहस्थांनी स्वतः गुडघ्यांवर बसून, तिच्या नजरेच्या रेषेतून बोट धरून, फांदीवर दिवसा झोपलेला रातवा दाखवला. फांदीच्या सालीत तो इतका मिसळून गेला होता, की तिला तो दिसायला पाच मिनिटे लागली आणि दिसल्यावर ते गृहस्थ तिच्याइतकेच आनंदले. त्या दोघांना एकमेकांची भाषा जेमतेम कळत होती. माणसांची ही वृत्ती, स्वतःचा पक्षी सोडून दुसऱ्याला पक्षी दाखवण्याची, या महोत्सवाची खरी कमाई आहे असे मला वाटते आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नाही.

उणिवाही आहेत. शनिवार-रविवारी, विशेषतः मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, म्हणजे जागतिक स्थलांतरित पक्षी दिनाच्या सुमारास, वाटेवर खांद्याला खांदा लागतो. एखादा दुर्मीळ पक्षी दिसला की वाट तुंबते आणि हातभर लांबीची भिंगे घेतलेले छायाचित्रकार पुढे सरसावतात. बहुतेक जण समजूतदार असतात, पण ज्यांना गर्दीचा त्रास होतो त्यांनी मंगळवार ते गुरुवार यावे. पहाट आणि दुपारी चारनंतरची वेळ तुलनेने मोकळी असते. शाकाहारी माणसाच्या जेवणाची सोय तोकडी आहे. परिसर शेतीचा, गावे लहान, हॉटेलांत तळलेले मासे आणि बर्गर हेच मुख्य. आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाच्या पोळ्या बांधून नेल्या होत्या, त्याचे समाधान वाटले. सार्वजनिक वाहतूक जवळजवळ नाहीच, त्यामुळे स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच.

राहण्याच्या बाबतीत आम्ही चूक केली आणि ती इतरांनी करू नये म्हणून सांगते. मार्चअखेरीस खोली शोधली तेव्हा मुख्यालयाची लॉज कधीच भरली होती. महामार्गालगतच्या एका मोटेलात आगाऊ पैसे भरून खोली घेतली, तर पोहोचल्यावर ती दुसऱ्या कोणाला दिल्याचे कळले आणि रात्री नऊ वाजता आईला गाडीत बसवून मला दुसरे ठिकाण शोधावे लागले. तेथे जवळपास दुप्पट भाडे द्यावे लागले. या दहा दिवसांत येथील खोल्यांवर एवढा ताण असतो, की आरक्षणाची लेखी पुष्टी निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून पुन्हा घ्यावी. टोलेडोत राहिल्यास पर्याय अधिक मिळतात, मात्र पहाटे लवकर निघावे लागते.

व्याख्यानांपैकी आम्ही दोन ऐकली. एक मला पसरट वाटले. दुसरे कर्टलँड वटवट्यावरचे होते आणि ते मनात राहिले. हा पक्षी बहामा बेटांवर हिवाळा काढतो आणि मुख्यतः आमच्याच मिशिगन राज्यात, तरुण जॅक पाइन झाडांच्या बुडाशी घरटे करतो. १९७४ मध्ये आणि पुन्हा १९८७ मध्ये गाणाऱ्या नरांची गणना केवळ १६७ भरली होती. जंगलात नियोजनपूर्वक पाइनची नवी लागवड आणि दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या काउबर्ड पक्ष्यांचे नियंत्रण अशी अनेक वर्षे मेहनत झाली आणि २०१९ मध्ये त्याचे नाव संकटग्रस्त जातींच्या यादीतून काढले गेले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांची संख्या १९७० पासून जवळपास ३ अब्जांनी घटल्याचे म्हटले होते. हे दोन आकडे एकाच तासात ऐकून बाहेर पडलेली माणसे दुसऱ्या दिवशी कठड्यावरच्या दहा ग्रॅमच्या पक्ष्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात, हे मी माझ्याबाबतीत अनुभवले.

आणखी एक गोष्ट मला आपल्याकडच्या संदर्भात महत्त्वाची वाटली. येथे पर्यटनाचा मोसम खरा उन्हाळ्यात सुरू होतो. त्याआधीच्या या दहा दिवसांत पेट्रोलपंप, बेकऱ्या आणि लहान हॉटेले दारावर ‘पक्षिनिरीक्षकांचे स्वागत’ असे फलक लावतात, कारण झाडीचा हा सात एकरांचा तुकडा शाबूत असण्यावर आपली कमाई अवलंबून आहे हे त्यांना कळलेले आहे. उजनीच्या पाणलोटावर भिगवणजवळ, कुंभारगाव आणि डिकसळ येथे, मासेमारी करणारी कुटुंबे रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना नावेतून नेतात, तेथेही हे नाते आहे. मात्र तेथे एखादा नवखा माणूस दोन तास निवांत बसून राहील आणि जाणकार त्याच्यापाशी येऊन पक्षी समजावून देतील, अशी मोफत, सावलीची, म्हाताऱ्या माणसाला पेलवणारी जागा मला अजून सापडलेली नाही. नावेत बसणे आईला आता जमत नाही. माहेरच्या पाण्यावरचे रोहित तिने अलीकडे काठावरून, ठिपक्यांएवढेच पाहिले आहेत.

तिसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा तासभर गेलो. वाटेला लागून पाण्यात उभ्या असलेल्या एका वठलेल्या खोडाच्या ढोलीत प्रोथोनोटरी वटवट्याची जोडी शेवाळ नेत होती. अंड्याच्या बलकासारखा पिवळा नर पाहून आई म्हणाली, “अगं, हा तर आपल्या हळद्याचा धाकटा भाऊ.” कुळाने तसे काही नाते नाही, पण मी ते बोलले नाही. तीन दिवसांत आमच्या वटवट्यांच्या जाती २१ झाल्या. आईने आपल्या छोट्या वहीत त्या सगळ्या लिहिल्या आहेत, इंग्रजी नावांना फाटा देऊन, स्वतः ठेवलेल्या मराठी नावांनी. ब्लॅकबर्नियनचे नाव तिने ‘निखाऱ्या’ ठेवले आहे आणि त्याच्यापुढे वेळ टाकली आहे, सकाळी ६.५०.

पुढच्या मे महिन्यातली खोली आम्ही या वेळी दिवाळीपूर्वीच घेऊन ठेवणार आहोत, तीनऐवजी पाच रात्रींची. पाचांतली एक रात्र तरी दक्षिणेच्या वाऱ्याची निघेल.